पेटीवर हात

सोमाजीने आरसा चिंचेच्या बुंध्याला टेकवला, तर तो घसरला. पुन्हा टेकवला, खाली दगड लावला, तेव्हा कुठे तो थांबला आणि त्यात साठीला आलेला एक दमलेला माणूस दिसू लागला. दाढी त्याने वडशाहून निघतानाच केली होती. गालाची कातडी बोटांनी ताणून त्याने पाहिली. सैल पडलेल्या कातडीवर रंग धरत नाही, हे त्याच्याइतके कोणाला माहीत? पण दुसरा चेहरा आणायचा कुठून? अख्ख्या चिचटोला गावात या कामाला आपला चेहरा कोणी दिला नसता.

दुपारचे दोन वाजले होते. झाडाखाली चाळीस-पन्नास माणसे जमली होती; बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मधोमध सोमाजीच्या सांगण्यावरून एक बाज टाकली होती आणि तिच्यावर मनकर्णाबाई बसली होती. बाजेवर अजून तिघी सहज मावल्या असत्या. कोणी बसले नव्हते. तिच्या मागे ज्या बायका उभ्या होत्या त्यांनी पोरांना पदराखाली घेतले होते. सोमाजीने ते पाहिले आणि पेटीची कडी काढली.

पेटी पत्र्याची, कोपरे चेपलेले. तीस वर्षे तो वडशाच्या नाटक कंपन्यांत तोंडे रंगवत आला होता. धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, आणि होळीपर्यंत गावोगावी राजे, दैत्य, सावकार आणि सोशिक सुना याच पेटीतून बाहेर पडत. मनकर्णाबाई तेव्हा कंपनीत राणीची आणि राजमातेची कामे करायची. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यामुळे चेहरा वणांनी भरलेला आणि डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली. तिचे वण बुजवताना सोमाजीचा सफेदा संपत यायचा. पण एकदा बुजले की बत्तीखाली अशी दिसायची की मागच्या रांगेतली माणसे उभी राहायची. पुढे तिचा नवरा गेला, सासूच्या हातची विद्या तिने उचलली आणि ती गावची सुईण झाली. समोर उभ्या असलेल्यांपैकी निम्मे लोक तिच्याच हातात जन्मले होते.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज सरलीही नव्हती.

झाले होते ते असे. तीन महिन्यांपूर्वी पिठाची गिरणी चालवणाऱ्या डोमाने चामोर्शीहून भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणला. सिनेमा कोणता, तर अडीच वर्षांपूर्वी गावाशेजारच्या जुन्या डाकबंगल्यात मुंबईच्या लोकांनी काढलेला भुतांचा. आपले गाव पडद्यावर दिसणार म्हणून पाळण्यातल्या पोरांपासून लाठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे शाळेच्या खोलीत जाऊन बसले, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आपली विहीर दिसली, टाळ्या पडल्या. आपला बंगला दिसला, टाळ्या पडल्या. शेवटी विहिरीमागून, पांढऱ्या लुगड्यात, दोनशे वर्षांची मेलेली सरदारीण आपल्या खऱ्या रूपात चालत आली आणि ती मनकर्णाबाई निघाली. खोलीत कोणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या विहिरीवर येण्याच्या वेळा बायकांनी टाळल्या. कोणी भांडले नाही, कोणी नाव घेतले नाही. मग अंजनाबाईच्या सुनेचे दिवस भरले. बाईला बोलवायचे सोडून तिला बैलगाडीत घालून चामोर्शीला नेत होते, आणि नाल्याच्या उतारावर गाडीतच मूल झाले ते रडलेच नाही. गाडी गेली तेव्हा मनकर्णाबाई आपल्या दारात उभी होती, एवढे मात्र सगळ्यांनी पाहिले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. जानेवारीत कंपनीच्या हार्मोनियमवाल्याने ही हकिकत सोमाजीच्या कानावर घातली. वर म्हणाला, मागच्या आठवड्यात कोणी तिच्या कुडावर दगड मारला. आता गिरजाबाईच्या सुनेचा, कांताचा, नववा चालू आहे. काही कमीजास्त झाले तर या खेपेला दगडावर थांबायचे नाही.

सोमाजी त्या रात्री जेवला नाही. कारण तिला त्या सिनेमात नेले होते ते त्यानेच.

त्याने सफेदा तळहातावर घेतला, खोबरेल टाकून मळला. लोकांना मोठ्याने सांगितले की आपण आता हाच चेहरा आपल्या तोंडावर करणार आहोत, नीट पाहा, आणि मग बोला. डोमाने विचारले, ‘पिच्चरमधला?’ सोमाजी म्हणाला, हो, पिच्चरमधला. मग त्याने आरशात पाहिले नाही. बाजेवर बसलेल्या बाईकडे पाहिले आणि बोट गालावर टेकवले.

सिनेमा काढला तो एप्रिलचा महिना होता. मुंबईचा डायरेक्टर तनेजा एक फाटके इंग्रजी पुस्तक घेऊन आला होता. पुस्तकाला ना मलपृष्ठ ना मुखपृष्ठ. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत कोणी तरी लिहिलेले. त्यात बर्फ होते, किल्ला होता, वाट चुकलेला प्रवासी होता आणि दिवा घेऊन त्याला आत नेणारी सुंदर सरदारीण होती, जी पहाटे आपल्या खऱ्या रूपात येते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे तेवढे आणता येत नाही. किल्ल्याच्या जागी डाकबंगला आला. बर्फाला सावरीचा कापूस पिंजून उडवला. रक्ताला कुंकू आणि काकवी; माश्यांनी नटांना सळो की पळो केले. रात्री दिवे लावायची ऐपत नव्हती म्हणून कॅमेऱ्यावर निळी काच चढवून भर बारा वाजता रात्र काढली. प्रवासी झालेला नट कोट घालून, मफलर गुंडाळून, चव्वेचाळीस डिग्रीत थंडीने कुडकुडत होता. सोमाजीला त्याची दया यायची. मुंबईचा मेकअपवाला तिसऱ्या दिवशी हिवतापाने पडला तेव्हा सोमाजीला वडशाहून बोलावून घेतले होते. आयुष्यात एकदा सिनेमाचे काम, म्हणून तो धावत गेला होता.

आठव्या दिवशी नटी परत गेली. जाताना तोंडावर एवढे डास चावले होते की तिला रंगाची गरजच नव्हती. राहिला होता फक्त शेवटचा तुकडा, खऱ्या रूपाचा. तनेजाला एक म्हातारी हवी होती. सोमाजीच म्हणाला, इथे एक बाई आहे, रंगभूमीवरची आहे, राणी करायची. त्याला वाटले होते, तिला पुन्हा एकदा काम मिळेल. त्याला वाटले होते, ती खूश होईल. आणि ती झालीही. केस धुऊन, पायात वहाणा घालून आली होती.

तनेजाने तिला पाहिले, मग सोमाजीला बाजूला घेतले.

‘इसको कुछ मत लगाओ,’ तो म्हणाला. ‘ऊपरवाले ने जो मेकअप किया है, वही रहने दो. हमारा खर्चा बच गया.’

युनिटमधले चौघे हसले. सोमाजी हसला नाही, बोललाही नाही. त्या न बोलण्याने त्याला अडीच वर्षांत कितीदा जागे केले होते. दहा पावलांवर बाई खुर्चीत चहा पीत होती, पण जनरेटर धडधडत होते, तिच्या कानावर गेले नसावे असे तो धरून चालला.

त्याचे गुरू झाडूजी. त्यांची एक रीत होती. वाटेल ते होवो, नटाला रंगाचे एक बोट लावल्याशिवाय मांडवात सोडायचे नाही, आणि काम संपले की मेकअपवाल्याने स्वतःच्या हाताने ते पुसायचे. झाडूजी म्हणत, रंग लागला की जे काही केले ते रंगाने केले. पुसला की माणूस मोकळा. बिनरंगाचा नट म्हणजे सोंग घरी घेऊन जाणारा माणूस. तीस वर्षांत सोमाजीने ही रीत एकदाच मोडली. तनेजाचा माणूस शेजारी उभा होता, म्हणून त्याने स्पंज नुसत्या पाण्यात बुडवला आणि अर्धा तास तिच्या चेहऱ्यावरून फिरवला, बोटांनी रेघा काढल्यासारखे केले, पापणीवर फुंकर मारली. तिने आरसा मागितला तेव्हा सांगितले की फुटला.

आता तोच आरसा चिंचेला टेकून उभा होता.

कापसाचे तंतू डिंकात बुडवून त्याने एकेक वण उठवला. हनुवटीवर तीन. उजव्या गालावर झिरमिर, कपाळाशी एक मोठा, उडदाएवढा. तिच्याकडे बघायचीही तशी गरज नव्हती. जे वण इतकी वर्षे बुजवले ते काढताना हात आपोआप चालत होता. डिंकाच्या बोटाने डावी पापणी खाली ओढली. दोन दात काळे केले. बाई मान सरळ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसली होती. पोरांची कुजबुज हळूहळू थांबली. पाऊण तासाने सोमाजी उठला, डोक्यावर तागाच्या केसांचा टोप चढवला, पांढरे लुगडे अंगाभोवती घेतले, विहिरीपर्यंत गेला आणि तिथून वळून त्यांच्याकडे चालत आला.

लोक दोन पावले मागे सरले. एक पोर भोकाड पसरून रडू लागले. बाजेवर एक मनकर्णाबाई बसलेली आणि दुसरी भर उन्हात चालत येत असलेली. डोमा पुटपुटला, ‘हेच, हेच होतं.’

सोमाजी त्यांच्यासमोर थांबला. तेलाचा बोळा घेतला आणि अर्धा चेहरा पुसला. नाकाच्या रेषेपर्यंत, सरळ. एका बाजूला मेलेली सरदारीण राहिली आणि दुसऱ्या बाजूला वडशाचा म्हातारा. रडणारे पोर गप्प झाले, मग फिसकन हसले. मग कोणी पुरुष हसला, मग बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. एकीने पुढे येऊन त्याच्या गालावरचा एक वण नखाने उचकटला आणि बोटाला चिकटलेला कापूस शेजारणीला दाखवला.

गिरजाबाई हसली नाही. घरात नऊ महिन्यांची पोटुशी सून असलेल्या बाईला इतक्या स्वस्तात हसता येत नाही. ती पुढे आली, सोमाजीच्या अर्ध्या तोंडाकडे आणि मग बाजेकडे पाहिले.

‘मंजे त्या दिवशी बाईच्या तोंडाले बी असाच रंग लावला होता?’

‘हव.’

‘पण थे तर बाईसारखंच दिसे.’

‘तिच्यासारखंच कराचं होतं,’ सोमाजी म्हणाला. ‘पण रंगच होता तो. भूत रंगाचं होतं, बाईचं नाई.’

‘मंग पेटीवर हात ठेवून सांगा.’

कंपनीची नाटके पाहत मोठी झालेली बाई होती ती. मेकअपवाल्याने पेटीवर हात ठेवून सांगितलेले खोटे नसते, हे झाडीपट्टीत पोरांनाही ठाऊक असते. हंगामाच्या पहिल्या दिवशी पेटीला हळदकुंकू लावून, नारळ फोडून मगच ती उघडायची. तिच्याशी खोटे बोलला त्याच्या हातचा रंग कोणाला चढत नाही, असे झाडूजी सांगून गेले होते. आणि सोमाजीचा त्यांच्यावर विश्वास होता. देवावर होता त्यापेक्षा जास्त होता म्हटले तरी चालेल.

त्याने एकदा मनकर्णाबाईकडे पाहिले. ती जमिनीकडे बघत होती. तीस वर्षे, त्याच्या मनात आले, बरीच झाली.

तो खाली बसला आणि चेपलेल्या झाकणावर उजवा हात ठेवला.

‘त्या दिवशी मी बाईले रंग लावला होता,’ तो म्हणाला. ‘या पेटीतला.’

गिरजाबाई बाजेजवळ गेली आणि कडेला, जेमतेम टेकल्यासारखी, बसली.

‘सकाळी घरी येजा, बाई,’ ती मनकर्णाबाईला म्हणाली. ‘कांताचं पोट पाहून जाजा. मले वाटते, आडवं हाय.’

‘येतो,’ मनकर्णाबाई म्हणाली. ‘तिले रातच्याले डाव्या अंगावर झोपू दे.’

मग लोक पांगले. कोणी सोमाजीला चहा पाजला, कोणी मार्कंड्याच्या जत्रेत यंदा कंपनी येणार का ते विचारले. डोमाने व्हिडिओची कॅसेट परत केल्याचे दोनदा सांगितले. सोमाजीने हो-नाही केले. उरलेला अर्धा चेहरा पुसायचे त्याच्या लक्षातच नव्हते. पोरे मागे लागली तेव्हा कळले.

मनकर्णाबाईचे घर टोकाला होते. कुडाचा एक भाग नव्याने सारवलेला, दगड लागला असेल तिथला. तिने त्याला पाणी दिले, तोंड धुवायला गरम पाण्याचा लोटा दिला आणि एसटीला अजून दीड तास आहे असे सांगितले. त्याने तोंड धुतले. पेटी बंद करून दोरीने आवळून बांधू लागला. गाठीवर गाठ मारत राहिला.

‘एवढी काऊन बांधता?’ तिने विचारले. ‘अजून हंगाम सरला नाई.’

सोमाजी म्हणाला, आता नाही उघडणार. वय झाले. हात थरथरतो. डोळ्यांनाही कमी दिसते. अशी चार-पाच कारणे त्याने दिली आणि प्रत्येक कारण खरे होते.

ती चुलीपाशी बसली होती. लाकूड पुढे सारत म्हणाली,

‘त्या दिवशी तुमच्या हातात रंग नव्हता, सोमाजीभाऊ.’

त्याची बोटे गाठीवरच राहिली.

‘नुसतं पाणी होतं,’ ती म्हणाली. ‘सफेद्याचा वास मले ठाऊक नाई का? अन् थो मुंबईवाला जे बोलला थेबी आयकलं. मशीन आवाज करे, पण थो मोठ्यानं बोलला. त्याले वाटलं, गावची बाई, हिंदी समजत नसन.’

सोमाजीला वाटले, आता हिने दगड मारला तर बरे होईल. शेवटी त्याने विचारले, मग तेव्हाच उठून का गेली नाहीस?

‘जाणार होती. पायात वहाणा बी घातल्या. पण तुमी थो गिल्ला स्पंज घेऊन अर्धा तास फिरवून राह्यले. फुंकर काय मारून राह्यले, रेघा काय काढून राह्यले. मी मनलं, हा माणूस माह्यासाठी एवढं सोंग करून राह्यला, त्याचं सोंग काऊन मोडाचं?’ तिने चुलीतली राख मागे ओढली. ‘राग तं आला. अजून येते. खोटं काऊन सांगू?’

बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. सोमाजी म्हणाला की आज त्याने पेटीवर हात ठेवून खोटे सांगितले, आणि आता ती उघडायचा त्याला अधिकार राहिला नाही.

मनकर्णाबाई उठली. त्याच्या हातातून दोरी घेतली आणि एकेक गाठ सोडवू लागली. नाळेची गाठ मारणारी बोटे ती. त्यांना वेळ लागला नाही. झाकण उघडून तिने पेटी त्याच्याकडे फिरवली आणि दारातून येणाऱ्या उन्हात, पाय दुमडून, त्याच्यासमोर बसली. मान किंचित वर केली आणि डोळे मिटले. मांडवामागच्या कनातीत ती अशीच बसायची.

‘लावा,’ ती म्हणाली.

‘कोणता?’

‘झाडूजींचं एक बोट. मंजे लावला होता, थे खरं होईन. उशीर झाला, एवढंच.’

त्याने सफेदा घेतला. कपाळावरच्या त्या उडदाएवढ्या वणाच्या वर त्याने एक बोट टेकवले आणि खाली ओढले. पांढरी रेघ उमटली. पुढे काही काम नव्हते. विहीर नव्हती, कॅमेरा नव्हता.

‘पुसा आता,’ ती म्हणाली.

सोमाजीने तेलाचा बोळा घेतला आणि रेघ पुसली. एकदा पुसून भागले असते. त्याने तीनदा पुसली, कपाळ, मग गाल, मग ती अर्धी मिटलेली पापणी. बोळा पांढरा झाला.

‘निघालं?’ तिने डोळे न उघडता विचारले.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. वण होते तिथेच होते, पापणी होती तशीच होती.

‘निघालं,’ तो म्हणाला. आणि हे सांगायला त्याला पेटीवर हात ठेवावा लागला नाही.